अंथरुणाशेजारचा दुसरा पेशंट: घरच्या आजारपणात येणारा ताण ओळखायचा कसा, हलका करायचा कसा

मेडिकलवाल्यानं बिल करता करता विचारलं, "वहिनी, पेशंटला ॲसिडिटी वाढलीय का? या महिन्यात तिसऱ्यांदा ही पट्टी नेताय." पुढ्यात डायपरचं पाकीट होतं, पाठीला लावायचं मलम होतं, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या होत्या आणि ती पट्टी. पेशंटला ॲसिडिटी नव्हती. पट्टी माझी होती. बामची बाटलीही माझीच.

सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि मिरजेच्या एका दवाखान्यातून अठरा दिवसांनी आम्ही त्यांना सांगलीला घरी आणलं. उजवी बाजू गेली होती, बोलणंही गेलं होतं. डिस्चार्जच्या कागदावर त्यांच्या गोळ्या, पथ्य, व्यायाम, सगळं लिहिलेलं होतं. त्यांना रोज कोण उचलणार, आणि त्या उचलणाऱ्याचं काय होणार, याबद्दल एक ओळही नव्हती. पुढची साडेतीन वर्षं मी ते शिकत गेले, बहुतेक वेळा चुकून चुकून. ते इथं लिहिते आहे.

एक आधीच सांगते. ताणावरचे लेख 'डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या' इथून सुरू होतात. मी श्वासाकडं बऱ्याच उशिरा येणार आहे. रात्री चार वेळा उठणाऱ्या बाईला प्राणायाम शिकवण्याआधी त्या चारातल्या दोन वेळा दुसऱ्या कुणीतरी उठायला हवं.

पहिला आठवडा: फक्त वही

ताण आपला आपल्याला दिसत नाही, कारण तो हळूहळू अंगवळणी पडतो. 'कसं चाललंय?' असं कुणी विचारलं की तोंडातून 'ठीक' निघतं, आणि ते खोटंही वाटत नाही. म्हणून स्वतःला कसं वाटतंय हे विचारूच नका. मोजता येईल ते मोजा. एक शाळेची वही घ्या आणि सात दिवस रोज रात्री चार गोष्टी लिहा: काल रात्री किती वेळा उठले, जेवण बसून झालं की उभ्यानं, कुणावर ओरडले आणि कशावरून, घराबाहेर किती मिनिटं होते.

माझ्या वहीतला एक मंगळवार असा आहे: 'रात्री ४. दुपारचं जेवण ओट्याशी, सव्वातीनला. पोरीवर ओरडले, चार्जर प्लगात तसाच ठेवला म्हणून. बाहेर ६ मिनिटं, कचरा टाकायला.' आठवड्याच्या शेवटी सात पानं एकदम वाचली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, या बाईचं काही खरं नाही. दुसऱ्या कुणाची वही असती तर मी तिला हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

वहीच्या मागच्या पानावर शरीराचं लिहा. प्रत्येकाचा ताण वेगळ्या जागी बसतो. कुणाची मान आणि खांदे आखडतात, कुणाचं पोट बिघडतं, कुणाचे दात झोपेत इतके आवळले जातात की सकाळी जबडा दुखतो. पाळी मागंपुढं होते. केस गळतात. पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. डोक्याचं म्हणाल तर विसरभोळेपणा. गॅस बंद केला का हे बघायला तीनदा जाणं, बँकेत जाऊन पासबुक घरी राहिल्याचं कळणं. वागण्यातलं मात्र आपल्याआधी घरचे ओळखतात: फोन आला की कपाळावर आठी, रात्री सगळे झोपल्यावर मोबाईल चाळत एकपर्यंत जागणं, चहा वाढणं, फरसाणाचा डबा, काही घरांत मिसरी नाहीतर तंबाखू. माझ्या पोरीनं मला एकदा सांगितलं, "आई, तू आता गाणं म्हणत नाहीस कणीक मळताना." ते माझ्या वहीत नव्हतं.

इथं एक सावधगिरी. थकवा, चिडचिड, केस गळणं, झोप उडणं ही सगळी रक्त कमी असल्याचीही लक्षणं असतात, थायरॉईडची असतात, बी-१२ कमी झाल्याची असतात. चाळिशीच्या पुढच्या बाईला पाळी जाण्याआधीचे दिवसही असेच छळतात. म्हणून वही घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडं जा आणि हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, साखर आणि बीपी तपासून घ्या. पेशंटचं रक्त काढायला लॅबचा मुलगा घरी येतोच, त्याच फेरीत तुमचंही काढून घेता येतं. माझं हिमोग्लोबिन ८.९ निघालं. म्हणजे मी ज्याला निव्वळ ताण समजत होते त्यातला बराच भाग लोहाच्या गोळीनं जाणारा होता.

शरीरात होतं काय

संकट दिसलं की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही हार्मोन्स सोडतात. छाती धडधडते, रक्तात साखर चढते, पचन मागं पडतं. कुत्रं मागं लागलं तर हे फार उपयोगाचं आहे. कुत्रं गेलं की सगळं खाली येतं. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञानं १९३६ साली मांडलं की संकट हटलंच नाही तर शरीर आधी सावध होतं, मग बराच काळ तग धरतं आणि शेवटी थकून बसतं. सेवा करणाऱ्यांची फसगत मधल्या टप्प्यात होते. तग धरलेली असते, म्हणून वाटतं की जमतंय.

आणि हे फक्त मनाचे खेळ नाहीत. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची सेवा करणाऱ्या १३ बायका आणि त्यांच्याच वयाच्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या १३ बायका घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. सेवा करणाऱ्या बायकांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. हे वाचलं तेव्हा मला माझं बोट आठवलं. विळीवर कापलेलं, महिना झाला तरी चिघळत असलेलं. मी साबणाला दोष देत होते.

कुणाला सांगता न येणारं

'सुटतील तर बरं.' हे वाक्य मनात आलं तेव्हा मी देवघरासमोर जाऊन उभी राहिले होते. तुमच्याही मनात येईल, कदाचित येऊनही गेलं असेल. वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या पुष्कळांच्या मनात ते येतं. दमलेलं शरीर काम संपायची वाट बघतं, आणि इथं काम म्हणजे माणूसच असतो, म्हणून ते वाक्य इतकं भयंकर ऐकू येतं. मनात येणं आणि तसं वागणं यांत मोठं अंतर आहे. ते वाक्य एका माणसाला बोलून दाखवा. मी धाकट्या जावेला फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "माझ्या आईच्या वेळी मलाही वाटायचं."

राग हा दुसरा. पेशंट घास बाहेर टाकतो, नुकतीच बदललेली चादर पुन्हा ओली करतो, आणि आपला हात जरा जोरात पडतो. कूस बदलताना झटका बसतो. ही खूण मात्र मनावर घ्या. हाताचा जोर वाढला असं कळलं की काम तिथंच थांबवायचं, पेशंटला सुरक्षित ठेवायचं, म्हणजे पलंगाचा कठडा वर, उशी मागं, तोंडात घास नाही, आणि पाच मिनिटं खोलीबाहेर जायचं. ओली चादर पाच मिनिटं राहिली तर काही होत नाही. मी गॅलरीत जाऊन समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या मोजायची. असं आठवड्यात दोनदा झालं तर वाटणी चुकली आहे असं समजा.

वाटणी: इथं सगळ्यांत जास्त वेळ घाला

एका कागदावर चोवीस तासांची कामं लिहून काढा, अगदी बारीकसारीक. तोंड धुणं, डायपर, स्पंज, औषधांच्या चार वेळा, पेज, फिजिओच्या वेळी हजर राहणं, दर दोन तासांनी कूस, कपडे, मेडिकल, बिलं, विम्याचे कागद, आलेल्यागेलेल्याचा चहा. आमच्या यादीत ३४ ओळी झाल्या. नवऱ्यानं कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाला, "एवढं असतं?" तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त काम झालेलं दिसत होतं.

मग प्रत्येक ओळीपुढं एक खूण: फक्त मीच करू शकते, दुसरं कुणीही करू शकतं, केलं नाही तरी चालेल. पहिल्या प्रकारात फारच थोडं उरतं, आणि हे पचायला जड जातं. 'माझ्याशिवाय आईंना कुणाच्या हातचं चालत नाही' हे मी वर्षभर म्हणत होते. खरं तर माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातचं त्यांना कधी मिळालंच नव्हतं. तिसऱ्या प्रकारात आम्ही रोजची ताजी चटणी, इस्त्री आणि पाहुण्यांचा पोह्यांचा बेत टाकला.

आता घरच्यांना बसवा. मदत मागताना एक चूक सगळ्याजणी करतो. 'जरा हातभार लावत जा की!' यावर कुणीही 'हो' म्हणतं आणि काहीच होत नाही. काम, वार, वेळ, तिन्ही सांगा. 'रविवारी सकाळी सात ते एक आईंचं सगळं तू बघायचंस, मी घरात नसेन' असं. आणि खरंच घरात राहू नका. पहिल्या रविवारी नवऱ्यानं डायपर उलटा बांधला, पेज पातळ केली. मी घरी असते तर हातातून काढून घेतलं असतं आणि पुढचा रविवार पुन्हा माझ्याच गळ्यात आला असता.

लांब राहणाऱ्यांनाही सोडू नका. आमचे दीर न्यू जर्सीला. ते दर महिन्याला पैसे पाठवत आणि आपला वाटा झाला असं समजत. मी त्यांना स्पष्ट लिहिलं: "भावोजी, पैशांचा उपयोग होतोच आहे. पण विम्याचा पाठपुरावा, औषधांची ऑनलाइन ऑर्डर आणि फिजिओचं वेळापत्रक आजपासून तुम्ही सांभाळा. आणि शनिवारी आपल्या संध्याकाळी सहा ते सात व्हिडिओ कॉलवर आईंशी गप्पा मारा. मी फोन स्टँडला लावून निघून जाईन." बोलता न येणाऱ्या आईशी तासभर काय बोलायचं, हा त्यांचा प्रश्न होता. ते जुने फोटो दाखवू लागले, पेपर वाचून दाखवू लागले. मला आठवड्यातून एक तास मिळाला आणि त्यांना त्यांची आई.

नणंदबाई वर्षातून दोनदा यायच्या, आणि पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणायच्या, "किती वाळली गं आई!" हे बाण सगळीकडं असतात. मी खूप काळ उत्तरं तयार करत बसायचे, अंघोळ करताना, भाजी चिरताना. शेवटी एकदा सांगितलं, "ताई, तुम्ही आलाच आहात तर चार दिवस रात्रीचं बघा, म्हणजे मलाही कळेल काय कमी पडतंय." टोमणा नव्हता, मला खरंच झोप हवी होती. त्यांनी तीन रात्री केल्या. चौथ्या दिवशी त्यांनी एअरबेडचे, म्हणजे पंपानं फुगणाऱ्या हवेच्या गादीचे, पैसे दिले.

मावशी ठेवताना

परवडत असेल तर दिवसा बारा तासांची मावशी ठेवा, आणि परवडत नसेल तर आठवड्यातले दोन दिवस तरी. मावश्या पुरवणाऱ्या ब्युरोकडून घेणार असाल तर चार गोष्टी आधीच विचारा: डायपर आणि स्पंज करणार का, नळीनं भरवणं येतं का, सुट्टी घेतली तर बदली कोण, आणि सुट्टीचे पैसे कापले जाणार का. ओळखपत्राची प्रत ठेवा. पहिले दोन दिवस तिच्याबरोबर राहून काम दाखवा, आणि तिसऱ्या दिवशी तासाभरासाठी तरी बाहेर जा. भिंतीवर एक तक्ता चिकटवा: किती वाजता कोणती कूस, किती वाजता पाणी, शौच झालं का. तोंडी सूचनांवर जी रोजची कुरबुर होते ती तक्त्यानं निम्मी होते.

आमच्याकडं तीन मावश्या बदलल्या. पहिली मोबाईलवर असायची, दुसरी चांगली होती पण तिच्याच घरी आजारपण आलं. तिसरी शेवटपर्यंत राहिली. तिच्या जेवणाची वेळ ठरवून दिली आणि त्या वेळी तिला हाक मारायची नाही असा घरात नियम केला. तिलाही ताण असतो.

पाठ सांभाळणं

हे ताणाच्या लेखात का, असं वाटेल. कारण ज्या बाईची कंबर दुखते ती रात्री झोपत नाही, आणि जी झोपत नाही ती दुसऱ्या दिवशी सगळ्यांवर ओरडते. माझी निम्मी चिडचिड कमरेतून येत होती, हे कंबर बरी झाल्यावर कळलं.

एक चादर दुहेरी घडी करून पेशंटच्या खाली आडवी घाला, खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी. पेशंट खाली घसरला की दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, चादरीची कड पेशंटच्या अंगालगत गुंडाळून मुठीत धरायची, एक पाय पुढं, गुडघे थोडे वाकलेले, आणि एक-दोन-तीन म्हणून वर सरकवायचं. उचलायचं नाही, सरकवायचं. एकट्यानं कूस बदलताना पलीकडचा गुडघा वाकवा, पलीकडचा हात पोटावर घ्या, मग एक हात खांद्यावर आणि एक कमरेच्या हाडावर ठेवून आपल्याकडं वळवा, आणि पाठीमागं उशी लावा. लुळ्या हाताला धरून किंवा बगलेत हात घालून कधीच ओढू नका, अर्धांगवायूच्या पेशंटचा खांदा त्यानं कायमचा दुखावतो. पलंग आपल्या कमरेइतका उंच हवा. आमच्या सुतारानं चार पायांना खाचा असलेले लाकडी ठोकळे करून दिले, आणि दोन आठवड्यांत बामची बाटली पुरायला लागली. हे सगळं फिजिओकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्या. तो पेशंटसाठी येतो तेव्हा दहा मिनिटं तुमच्यासाठी मागून घ्या.

रात्र

सलग चार तास झोप मिळाली पाहिजे, एवढं एकच उद्दिष्ट ठेवा. आठ तासांचा विचार सोडा. रात्रीच्या दोन पाळ्या करा: दहा ते दोन एक माणूस, दोन ते सहा दुसरा. ज्याची पाळी नाही त्यानं दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं. एकाच खोलीत दोघं झोपलात तर दोघंही जागे राहता, आम्ही सहा महिने तेच केलं. एअरबेडनं पाठीवर जखमा होण्याचा धोका कमी होतो, पण कूस बदलणं सुटत नाही. रात्री किती वेळानं बदलायची हे पेशंटची कातडी बघून डॉक्टरांना विचारून ठरवा.

दुपारी चारनंतर चहा-कॉफी बंद. त्यातलं कॅफिन पाच तासांनीही निम्मं अंगात असतं. आणि पेशंटच्या डब्यातली झोपेची गोळी तोंडात टाकू नका. हे मी कळवळून सांगते आहे, कारण ती हाताशी असते, 'अर्धीच घेते' असं म्हणून सुरुवात होते आणि सवय लागते.

पाच मिनिटांची साधनं

आता श्वास. चार आकडे मोजत नाकानं आत, सहा मोजत सावकाश बाहेर. असे दहा. बाहेर सोडायला जास्त वेळ घेतला की हृदयाचे ठोके खाली येतात, त्यात श्रद्धेचा प्रश्न नाही. मात्र हे कधी करायचं ते ठरवून ठेवा, नाहीतर आठवत नाही. मी सासूबाईंच्या खोलीच्या कडीला हात लावला की तीन श्वास, एवढाच नियम केला होता. दिवसात वीस वेळा ती कडी हातात यायची.

अंग आवळलेलं असेल तर एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरची जुनी युक्ती चालते. पायाची बोटं पाच सेकंद घट्ट आवळायची, सोडायची. मग पोटऱ्या, मांड्या, मुठी, खांदे, शेवटी चेहरा. आधी मुद्दाम आवळल्यामुळं सैल सोडणं म्हणजे काय ते स्नायूंना कळतं. पाळी बदलून अंथरुणावर पडल्यावर करा. चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आत मला झोप लागायची.

लिहिणं ज्यांना जमतं त्यांनी तेही करून बघावं. जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला सलणाऱ्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं होतं. लिहिताना त्यांना वाईटच वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या चकरा कमी झाल्या. लिहून फाडून टाकलं तरी चालतं. घरात सासर-माहेरची माणसं असताना फाडलेलंच बरं.

आणि चालणं. वीस मिनिटं, मोबाईल घरी ठेवून. देवळात, नदीकाठी, कॉलनीत, कुठंही.

हे ताणाच्या पलीकडं गेलं तर

ताणात भार हलका झाला की माणूस वर येतं. चार दिवस माहेरी जाऊन, झोपून, खाऊनही जर काहीच बरं वाटलं नाही, सलग दोन आठवडे बहुतेक सगळा दिवस उदास वाटत असेल, ज्यात रस होता त्यात तो उरला नसेल, भूक गेली असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडं जा, ते पुढं मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवतील. गोळ्या सुरू झाल्या तर फरक पडायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नसतात. समुपदेशक बोलून उपचार करतो, गोळ्या लिहून देत नाही. पुष्कळांना दोन्ही लागतं.

सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराचा विभाग असतो. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, आणि तिथं बाह्यरुग्ण म्हणून जाऊन संध्याकाळी घरी परत येता येतं. नाव ऐकून दचकू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजारही शारीरिक आजारासारखाच धरायला सांगितलं आहे. मात्र बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात, तेव्हा आपल्या पॉलिसीत काय आहे ते बघून घ्या.

आपण संपवून टाकावं, किंवा पेशंटला आणि स्वतःला दोघांनाही सोडवावं, असा विचार येऊ लागला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. त्याच तासाला घरातल्या किंवा शेजारच्या माणसाला सांगा, १४४१६ ला फोन करा, तातडी असेल तर ११२. आणि एक गोष्ट लगेच करा: आजारी माणसाच्या घरात गोळ्यांचा साठा मोठा असतो. तो दुसऱ्याच्या ताब्यात द्या, रोजच्या रोज लागतील तेवढ्याच हातात येऊ देत. घरच्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर तुम्ही विचारा, 'जीव नकोसा झालाय का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

नंतर

सासूबाई गेल्या त्याला आता चौदा महिने झाले. पहिले दोन-तीन महिने मला रात्री बरोबर दोनला जाग यायची आणि मी त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन मग परत यायची. एअरबेडच्या पंपाची घरघर इतकी कानात बसली होती की त्या शांततेत झोप लागेना. शरीराला बातमी उशिरा कळते. या काळात सुटल्यासारखं वाटतं, मग तसं वाटल्याचं वाईट वाटतं, आणि लोक म्हणतात, 'आता मोकळी झालीस, कुठं जायचं ते जा.' लगेच कुठं जायची गरज नाही. पुढं ढकललेल्या स्वतःच्या तपासण्या मात्र करून घ्या, दात, डोळे, बायकांच्या तपासण्या. माझी एक दाढ तीन वर्षं वाट बघत होती.

आणि खोली एकदम रिकामी करू नका, पण फार दिवस तशीच ठेवूही नका. व्हीलचेअर आम्ही मंडळाला दिली. एअरबेड दोन गल्ल्या सोडून एका घरी गेला. ती बाई न्यायला आली तेव्हा पंपाची नळी कशी बसवायची ते तिला दाखवलं. वायर गुंडाळता गुंडाळता विचारलं, "रात्री कोण उठतं?"

"मीच," ती म्हणाली.

मग तिला बसवून घेतलं, चहा टाकला आणि वही काढली.